शेपटीचे तीन धागे

लाल दोऱ्याची गाठ मारून झाली, उरलेलं टोक दातानं तोडून झालं, आणि मग हासिन्ताच्या बोटांना कळलं की आपण काय बाजूला टाकतो आहोत. डोळ्यांना अजून पत्ता नव्हता. डोळे सवयीनं ढिगातल्या पुढच्या कापडावर गेले होते, कान खालच्या झेरॉक्सवाल्याच्या रेडिओवरच्या मारिंबा वाद्याच्या सुरांकडे होते, आणि डाव्या हाताची दोन बोटं मात्र नुकत्याच बाद केलेल्या पट्टीवर तशीच थांबून राहिली होती, ओळखीच्या दारापाशी पाय थांबावेत तशी. तिनं पट्टी परत ओढून घेतली. टेबलावर अंथरायची हातभर रुंदीची पट्टी. तांबड्या जमिनीवर पांढऱ्या, हिरव्या, जांभळ्या पक्ष्यांच्या ओळी. पक्ष्याच्या शेपटीला ताण्याचे, म्हणजे उभे, नऊ धागे उचलायचे असतात. इथे सहाच उचलले होते. बुडख्या शेपटीचे पक्षी, आणि एखाददुसरा नाही, सगळेच्या सगळे. तीन धाग्यांची जी जागा मोकळी राहिली होती तिथे प्रत्येक पक्ष्याच्या मागे एक पिवळा ठिपका भरलेला, मक्याच्या दाण्याएवढा. ही चूक जगात दोनच माणसांना ठाऊक होती. त्यातली एक ती स्वतः. दुसरीला एकतीस वर्षांपूर्वी एका पुलावर सैनिकांनी ट्रकमधून खाली उतरवून घेतलं होतं.

राजधानीच्या पहिल्या विभागात, दुसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत संघाचं बस्तान होतं. डोंगरातल्या बायकांनी कमरेच्या मागावर विणलेलं कापड इथे यायचं, इथून समुद्रापलीकडच्या भागीदारांच्या दुकानांत जायचं, आणि विणणारीला तिच्या कष्टाचा रास्त दाम मिळायचा. मधल्या दलालांना त्यात जागा नव्हती. हे सगळं खरंच होत होतं, नुसतं भिंतीवरच्या फलकावर नव्हतं, आणि हासिन्ताला त्याचा अभिमानही होता. अकरा वर्षं ती माल तपासत होती. फुटपट्टी, भिंग आणि लाल दोऱ्याचं रीळ एवढाच तिचा संसार. कडेला धागा सुटला, रंग उतरला, ओळ वाकडी गेली की त्या कापडाला लाल दोरा. तीनदा लाल दोरा लागला की विणणारीचं नाव यादीतून खाली. हा शेवटचा नियम भागीदारांचा नव्हता, तो हासिन्ताचाच. भागीदार बिचारे म्हणायचे, हातानं केलेल्या वस्तूत थोडं इकडेतिकडे व्हायचंच. हासिन्ताला ते पटत नसे. एकदा केलेली चूक कापडात जन्मभर राहते, उसवल्याशिवाय जात नाही, आणि उसवलं तरी धाग्याला वाक राहतोच, असं तिचं म्हणणं. गावोगावच्या बायका तिला पाठीमागे 'लाल दोरेवाली' म्हणत आणि तोंडावर नुसतं 'सेन्यो', म्हणजे बाई. तिचं खरं नाव कुणी विचारलं नाही, आणि तिनं आपण होऊन कधी सांगितलं नाही.

"काय गं, चेहरा का उतरलाय तुझा?" शेजारच्या टेबलावरून मिर्नानं विचारलं. मिर्ना कागदपत्रं सांभाळायची, राजधानीतच जन्मलेली, तोंडानं फटकळ आणि मनानं लोण्यासारखी. कापडाला जोडायच्या कार्डांवर विणणारीचं नाव, फोटो आणि नक्षीची दोन ओळींची गोष्ट लिहिणं हेही तिच्याकडेच.

"ही पट्टी कुणाची?"

"बघते. थांब." मिर्नानं कागद उलटले. "उत्तरेकडचं परतलेल्यांचं गाव. लढाईत सरहद्दीपलीकडे पळालेली आणि मग परत आलेली माणसं नाहीत का, त्यांचं. देल्मी नावाची मुलगी आहे. पंचवीस वर्षांची. हिला आधी दोन लाल दोरे बांधलेस तू, ही तिसरी वेळ. झालं म्हणायचं तिचं."

"दोन कशाला बांधले होते?"

"मला काय विचारतेस! एकदा रंग उतरला म्हणून आणि एकदा पट्टी बोटभर अरुंद म्हणून. तेव्हा सगळ्यांना ते चौकटींच्या नक्षीचं काम दिलेलं ना. या खेपेला भागीदारांनीच लिहिलं की बायकांना आपापल्या मनातली नक्षी विणू द्या, आणि गोष्ट पाठवा. आणि ह्या बयेनं गोष्टीच्या जागी काय लिहिलंय माहितीये? 'गोष्ट नाही.' आता मी काय करू, सांग! मीच लिहिलं मग. 'आशेचा दाणा.' पक्षी उडून जातो, पण मागे दाणा ठेवून जातो. कसं वाटतं?"

"पंचवीस?" हासिन्ता म्हणाली. "नक्की पंचवीस?"

"ओळखपत्राची झेरॉक्स आहे माझ्याकडे. का, तुला पन्नाशीची हवी होती?"

अठ्ठेचाळीस, हासिन्ता मनात म्हणाली. येत्या पावसाळ्यात अठ्ठेचाळीस पुरी झाली असती. आणि हे वाक्य पुरं होईपर्यंत तिला दरदरून घाम फुटला, कारण इतकी वर्षं ताईचं, एंग्रासियाचं वय तिच्या मनात सतरालाच थांबलेलं होतं. आज पहिल्यांदा ते आपसूक पुढे सरकलं. म्हणजे ती जिवंत असेल, असं कुठेतरी आत धरून चाललो आपण? आणि जिवंत असेल तर कधीतरी समोर येईल. समोर आली तर तिला काय सांगायचं? हासिन्तानं कात्री घेतली, पट्टीचा लाल दोरा कापून टाकला, आणि मिर्नाला म्हणाली, "या मुलीला बोलावून घे. पुढचा माल घेऊन स्वतः ये म्हणावं."

"गुरुवारी कुणीतरी येणारच आहे तिकडून. तिलाच पाठवा म्हणते." मिर्नानं तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. "यादीतून काढायला बोलावून घेण्याची ही पहिलीच वेळ हं तुझी. जरा नीट बोल हो तिच्याशी."

सोमवार होता. गुरुवारपर्यंतचे तीन दिवस हासिन्तानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. ती पँट आणि राखाडी स्वेटर घालून वेळेवर येत होती, दुपारी समोरच्या खाणावळीत काळ्या घेवड्याची उसळ आणि मक्याच्या तीन भाकऱ्या खात होती, आणि पाच वाजता बसच्या रांगेत उभी राहत होती. पण कापड हातात घेतलं की आधी शेपट्या मोजल्या जायच्या. रस्त्यानं बायका जायच्या, भाजी विकायला आलेल्या, पाठीला पोर बांधलेल्या, आपापल्या गावचं विणलेलं उइपिल अंगात घातलेल्या. त्यांच्या छातीवरची नक्षी पाहून ही कुठली, ती कुठली, हे तिला लांबून कळायचं. कुणालाही कळतं. अंगरखा नव्हेच तो, गावाचं नाव छातीवर लिहून हिंडणं ते. तिच्या स्वतःच्या कपाटात एकही उइपिल नव्हतं. घरमालकिणीला ती किनाऱ्याकडची वाटायची, मिर्नाला माहीत होतं की ती डोंगरातली, पण कुठल्या डोंगरातली ते मिर्नानंही विचारलं नव्हतं. आपल्या बोलीतला एक शब्द तिच्या तोंडून बाहेर पडत नसे, आणि कापसाच्या मळ्यावर आई वारल्यापासून तर ती बोली बोलायला समोर कुणी उरलंही नव्हतं. आता या तीन दिवसांत मात्र शब्द एकेक करून वर यायला लागले. जिन्यावर असताना 'धोटा' आला. बसमध्ये उभी असताना 'बुडखा' आला, आणि तो आला तो एंग्रासियाच्या आवाजात आला. हासिन्तानं वरच्या दांड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

तिशुमुलला, त्यांच्या गावी, घरासमोर अव्होकाडोचं झाड होतं आणि मागाचं एक टोक त्याच्या बुंध्याला बांधलेलं असायचं. दुसरं टोक ताईच्या कमरेला. ताई मागे रेलली की ताणा ताठ व्हायचा, पुढे झुकली की सैल पडायचा, म्हणजे माग असा वेगळा नव्हताच, ताईच माग होती. ती स्वतःसाठी नवं उइपिल विणत होती आणि आठ वर्षांच्या हासिन्तानं हट्ट धरला होता की एक पक्षी मी विणणार. आई बाजाराला गेली तशी ताईनं पट्टा सोडून तिच्या कमरेला बांधला. तो दोनदा गुंडाळावा लागला. हासिन्ताला जीभ बाहेर काढून मोजायची सवय होती. चोच झाली, पंख झाले, पाय झाले आणि शेपटीपाशी कुणाचं तरी डुक्कर अंगणात शिरलं. तिनं वर पाहिलं, हसली, पुन्हा मोजायला लागली आणि नवाच्या जागी सहा धागे उचलले. पुढच्या चार ओळी तशाच चढवल्या. लक्षात आलं तेव्हा पक्षी पुरा झाला होता आणि तिला रडू फुटलं होतं, कारण आईनं पाहिलं असतं तर पाठीत धपाटा ठरलेला. उसवायला वेळ नव्हता, आईची हाक खालच्या वाटेवरून ऐकू येत होती. ताईनं पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला, मोकळ्या राहिलेल्या तीन धाग्यांवर पिवळ्या सुताचा एक ठिपका भरला आणि म्हणाली, "रडतेस काय येडे? आता सगळेच बुडखे विणते मी. एक चुकला तर चूक म्हणतील. सगळे तसेच असले की म्हणतील, हिनं काहीतरी नवीन काढलंय." आणि खरंच तिनं उरलेलं सगळं उइपिल बुडख्या पक्ष्यांनी भरून टाकलं. आईनं पाहून कपाळाला आठी घातली. "हे काय भलतंच?" "मला आवडतं," ताई म्हणाली. बस्स. धपाटा कुणालाच बसला नाही.

हे आठवणं सोपं होतं. याच्या पुढचं अवघड. पुढचं वर्ष असं होतं की त्या वर्षाबद्दल तिशुमुलमधलं कुणी कुणाशी बोलत नाही, कारण तिशुमुलच राहिलं नाही. ताई पाद्र्याच्या वर्गात बायकांना लिहायला शिकवायची, तेवढ्यावरून तिचं नाव सैन्याच्या यादीत गेलं. बापाला आधीच नेलं होतं. आईनं दुसऱ्या गावच्या बाजारातून तीन जुनी उइपिलं विकत आणली, लांबच्या गावची, फिक्या रेघांची. आपली अंगातली काढा, पुरून टाका, ही घाला. मळ्यावर मजुरीला निघालोय म्हणायचं, तिथलेच आहोत म्हणायचं. आईनं बदललं. हासिन्ताचं बदललं. ताई ऐकेना. "यातला पक्षी हासिन्तानं विणलाय. मी नाही काढणार. वरून शाल घेते की." आई चिडली, रडली, शेवटी थकली. ट्रकमध्ये तिला लांब बसवलं, मागच्या फळीपाशी, आणि बजावलं की तू आमची नाहीस. पुलावर ट्रक थांबला. सैनिकांबरोबर ओळख पटवायला आणलेला, तोंडावर पोतं घातलेला एक माणूस होता, पोत्याला डोळ्यांपुरती दोन भोकं. सैनिकानं बंदुकीच्या टोकानं शाल उचलली आणि पोतेवाल्यानं मान हलवली. एवढंच. मग सैनिकानं ट्रकभर नजर फिरवली. सगळे खाली पाहत होते. हासिन्ता पाहत होती त्या पक्ष्याकडे, पहिल्या बुडख्या पक्ष्याकडे, तो ताईच्या डाव्या खांद्याखाली होता. सैनिक तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याच्या तोंडाला संत्र्याचा वास येत होता. चांगल्या आवाजात त्यानं विचारलं, "तुझी कोण गं ती?"

"कोणी नाही," हासिन्ता म्हणाली.

ताईनं ते ऐकलं. फळीवरून उतरताना ती वळली नाही, पण तिचा खांदा एकदा हलला, ते हासिन्ताला दिसलं. ट्रक सुरू झाला. पूल मागे पडल्यावर आईनं हासिन्ताचं डोकं छातीशी घट्ट दाबून धरलं आणि तिच्या केसांत पुटपुटली, "शहाणी माझी पोर." त्या तीन शब्दांनी जे केलं ते सैनिकानंही केलं नव्हतं. धपाटा घातला असता, जन्मभर बोलली नसती, तरी चाललं असतं. शहाणी! मळ्यावर कापूस वेचताना, तापानं फणफणलेल्या आईच्या उशाशी बसून, शहरात पहिल्यांदा भांडी घासायला लागल्यावर, कुठेही कुणी तिच्या कामाचं कौतुक केलं की हासिन्ताला तो केसांतला गरम श्वास जाणवायचा. पुढे कधीतरी तिनं हिशोबानं स्वतःला समजावलंही होतं: हो म्हटलं असतं तर तिघी गेलो असतो. हिशोब बरोबर होता. रात्री झोपही लागायची. पण लाल दोऱ्याचं रीळ हातात आल्यापासून ती एकाही बुडख्या पक्ष्याला सोडणार नव्हती, हे तिचं तिला कधी कळलं नाही, ते या बुधवारी खाणावळीत भाकरी मोडताना कळलं, आणि ती भाकरी तिनं तशीच ताटात ठेवली.

गुरुवारी देल्मी आली ती तणतणतच आली. पाठीवरचं गाठोडं तिनं टेबलावर आपटलं. बुटकी, रुंद खांद्यांची, दोन वेण्या, पायात प्लास्टिकच्या चपला आणि अंगात पूर्ण शेपटीच्या पक्ष्यांचं उइपिल. हासिन्तानं आधी तेच पाहिलं. मिर्ना त्या दिवशी बँकेत गेली होती.

"लाल दोरेवाली सेन्यो तुम्हीच ना? अकरा तास बसमध्ये बसून आलेय मी. नाव काढायचं तर काढा, पण आधी ऐकून घ्या. रंग उतरला ते सूत तुम्हीच पाठवलेलं होतं. पट्टी अरुंद झाली तेव्हा मी आठव्या महिन्यात होते, पोटामुळे मागे रेलता येत नाही, ताणा आवळला जातो. तुम्ही कधी विणलंय का पोट घेऊन? तुम्ही कधी विणलंय तरी का?"

"विणलंय," हासिन्ता म्हणाली. "थोडंसं. चल, आधी काहीतरी खा."

समोरच्या खाणावळीत दुपारची गर्दी ओसरली होती. स्वयंपाकीण उद्यासाठी पीठ मळत होती. देल्मीनं भाकरी घेतली, उसळ घेतली, वर हिरव्या मिरचीचं लोणचं मागून घेतलं आणि चार घास पोटात गेल्यावर तिचा पारा जरा उतरला. हासिन्तानं पिशवीतून पट्टी काढून मधल्या मोकळ्या जागेत उलगडली. तिनं हात मांडीवर घेतले.

"ही नक्षी कुठली?"

"चूक नाहीये ती," देल्मी लगेच म्हणाली. "सगळे म्हणतात चूक आहे. आमच्या संघाची बाई म्हणाली, पूर्ण शेपटी घाल, नाहीतर परत येईल. पण भागीदारांनी सांगितलं ना, मनातलं विणा म्हणून? मग हेच माझ्या मनातलं. आई असंच विणायची."

"तुझी आई?"

"पोटची नाही. मी छावणीत जन्मले, पलीकडे. माझी खरी आई तिथेच तापानं गेली, मी सहा महिन्यांची होते. हिनं उचललं मला. एकटी होती. लग्न नाही, काही नाही. माग तेवढा होता, तो खांबाला बांधायची, आणि मला पायाला." ती हसली. "म्हणजे दोरीनं, पळून जाऊ नये म्हणून. शेपटीचे तीन धागे सोडायचे, दाणा भरायचा, हे मला चालायच्या आधी येत असेल. मी विचारायची, सगळ्यांच्या पक्ष्यांना शेपटी असते, आपल्याच्या का नाही? तर म्हणायची, पुऱ्या शेपटीचा कुणालाही विणता येतो."

हासिन्ताला एकच प्रश्न विचारायचा होता. तीन दिवस तो तिच्या मनात होता. जिवंत आहे का. एवढे तीन शब्द. ते विचारले की एक काहीतरी कायमचं ठरून जाणार होतं. न विचारता ही मुलगी अशीच जेवत राहिली, बोलत राहिली, तर ताई अजून थोडा वेळ छावणीतल्या खांबाशी बसून विणत राहिली असती. पण देल्मीनं विचारायची वाट पाहिली नाही.

"दोन वर्षं झाली जाऊन," ती म्हणाली. "छातीत पाणी झालं होतं. फोटोसुद्धा नाही एक. काढूच द्यायची नाही, आमच्या लग्नातसुद्धा तोंड फिरवलं."

पीठ मळण्याचा आवाज येत होता. थप, थप. हासिन्ता त्या आवाजाकडे लक्ष देऊन ऐकत राहिली. दोन वर्षांपूर्वी ती याच खाणावळीत, याच टेबलावर जेवत होती. दोन वर्षांपूर्वीपर्यंत अकरा तासांची बस होती आणि तिकीट काढायला कुणी मनाई केलेली नव्हती. जी गोष्ट सांगायची म्हणून ती तीन दिवस शब्द जुळवत होती ती ऐकणारं आता कुणी नव्हतं, कधीच असणार नव्हतं, आणि हे कळल्यावर तिला रडू आलं नाही, एखादी पायरी चुकावी तसं आत काहीतरी खाली खाली जात राहिलं.

"तिनं तुला सांगितलं काही? आधीचं?"

"एकच गोष्ट सांगायची. पण शंभर वेळा." देल्मीनं भाकरीनं ताट पुसून घेतलं. "पुलाची. तिला एक थोरली बहीण होती, एंग्रासिया. ट्रकमधून चालले होते सगळे, सैनिकांनी थोरलीला उतरवलं आणि ही धाकटी, लहानशी, दुधाचे दात पडत होते म्हणे. सैनिकानं हिला विचारलं, तुझी कोण गं ती? आणि ही म्हणाली, कोणी नाही. बस. मग एंग्रासिया परत कधी दिसली नाही. दर वर्षी मृतांच्या दिवशी तिच्या नावानं मेणबत्ती लावायची आई."

हासिन्तानं टेबलाची कड धरली.

"मागाशी बसली की बायकांना सांगायची. आणि सांगून झालं की प्रत्येकीला विचारायची, लहान लेकरू होतं ते, त्याचा काय दोष? म्हणायचं, काही दोष नाही. असं म्हणेपर्यंत सोडायचीच नाही कुणाला! नवी बाई आली छावणीत, की तिला धर, गोष्ट सांग, आणि वदवून घे. मग खूश. आम्ही चेष्टा करायचो. पाद्रीबाबासुद्धा सुटले नाहीत. त्यांनाही दर रविवारी म्हणावं लागायचं, काही दोष नाही गं हासिन्ता, काही दोष नाही."

"कोण?"

"आई. हासिन्ता नाव होतं तिचं." देल्मी जरा घुटमळली. "खरं सांगू का, मला नंतर नंतर जमेना ते. छावणीच्या कागदावर तिचं वय मी पाहिलंय. त्या कागदाप्रमाणे पुलाच्या वेळी ती सतरा वर्षांची होती. सतराव्या वर्षी कुणाचे दुधाचे दात पडतात का? मी विचारलं एकदा. तर म्हणाली, तू ताणा बघ, माझी वर्षं मोजू नकोस."

बाहेर बसवाला गावांची नावं ओरडत होता. हासिन्ता समोरच्या पक्ष्यांकडे पाहत होती आणि तिला छावणी दिसत होती, जिथे ती कधी गेली नव्हती. तिथे आपल्या नावाची एक बाई मागाशी बसली आहे, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला थांबवते आहे आणि आपल्या नावावर माफी गोळा करते आहे. एकेकीकडून. तीस वर्षं. पुलावरून खाली नेल्यावर सैनिकांनी तिचं काय केलं, ती कशी सुटली, सरहद्द कशी ओलांडली, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला जागाच ठेवली नव्हती तिनं. स्वतःची गोष्ट गिळून टाकून तिनं धाकट्या बहिणीची सांगितली होती. आणि ती बहीण इकडे फुटपट्टी घेऊन बसली होती. हासिन्ताला ताईचा राग आला, इतका की डोळ्यांपुढे अंधारी आली: कुणी सांगितलं होतं तुला? माझं होतं ते, मला ठेवायचं होतं. त्या रागाच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी वर आलं आणि त्याला काय म्हणतात ते तिला आठवेना, ना स्पॅनिशमध्ये, ना आपल्या बोलीत.

"सेन्यो? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" देल्मीनं पाण्याचा पेला पुढे सरकवला. "नका ना काढू नाव यादीतून. पुऱ्या शेपटीचे विणीन हवं तर. पण एक विनंती आहे. गावात क्रूस बसवायचाय तिच्यासाठी, सिमेंटचा, या पट्टीच्या पैशांवर होणार होता तो. लाकडाचा कुजलाय, नाव दिसेनासं झालंय."

"काय लिहिणार आहेस?"

"नाव. दुसरं काय? हासिन्ता."

"ते नको लिहूस."

"का? तुमचं काय जातंय?" देल्मीच्या आवाजात मघाचा तणतणाट परत आला. "तुम्ही कोण सांगणाऱ्या?"

हासिन्तानं टेबलाची कड सोडली. एक बोट पहिल्या ओळीतल्या पहिल्या पक्ष्यावर ठेवलं, शेपटी जिथे तुटते तिथे. बोलायला लागली तर तोंडातून स्पॅनिश निघेना. तिशुमुलची बोली निघाली, नऊ वर्षांच्या मुलीची, कारण तिला तेवढीच येत होती.

"अंगणात डुक्कर शिरलं," ती म्हणाली. "मी वर पाहिलं आणि मोजणी चुकली. नवाच्या जागी सहा उचलले. आईची हाक आली म्हणून उसवता आलं नाही. मग तिनं पिवळं सूत घेतलं आणि दाणा भरला. हासिन्ता मी आहे."

देल्मीच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. ती बोली ऐकून तिचा चेहरा आधी मऊ झाला, घरच्या कुणी हाक मारल्यासारखा. मग हळूहळू तिला अर्थ लागत गेला. तिनं हासिन्ताचे डोळे पाहिले, कपाळ पाहिलं, ओठ पाहिले, पुन्हा पुन्हा त्याच जागा पाहिल्या. सतराचा आकडा तिच्या मनात जागेवर जाऊन बसलेला हासिन्ताला दिसला.

"मग मी मातीला दिली," देल्मीनं विचारलं, तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, "ती कोण?"

"एंग्रासिया," हासिन्ता म्हणाली, आणि आवाज एवढा मोठा निघाला की पीठ मळणारी बाई थांबली आणि दारातल्या दोन माणसांनी आत वळून पाहिलं. "माझी बहीण. सख्खी बहीण होती ती माझी."